कीटकांतील एंझाइम-जीनांची द्विरावृत्ती

कीटकांतील एंझाइम-जीनांची द्विरावृत्ती : सजीवांच्या शरीरातील रासायनिक विक्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनांना एंझाइमे म्हणतात. प्रत्येक एंझाइमाची घडण कशी असावी याची माहिती एखाद्या जीनात (आनुवंशिकतेच्या एककात) साठविलेली असते. अशा जीनाची आणखी एक प्रत त्याच गुणसूत्रावर किंवा दुसऱ्या गुणसूत्रावर निर्माण झाली व ती पुढील पिढ्यांत उतरली, तर त्या घटनेस जीनाची द्विरावृत्ती म्हणतात. ही घटना सर्वच सजीवांत घडते. परंतु कीटकांमध्ये चयापचयाशी (शरीरात सतत चालणाऱ्या रासायनिक घडामोडींशी), विशेषतः अन्नाचे पचन व विषारी द्रव्यांची विल्हेवाट यांच्याशी, संबंधित असलेल्या एंझाइमांच्या बाबतीत ती फार मोठ्या प्रमाणावर घडलेली आढळते. कीटकांनी वनस्पतींच्या विविध गटांवर उपजीविका कशी साधली आणि कीटकनाशकांना ते अल्पावधीत दाद देईनासे का झाले, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे बऱ्याच अंशी या घटनेत सापडतात. महाराष्ट्रात या विषयाचे सर्वांत बोलके उदाहरण वऱ्हाडातील, म्हणजे अमरावती, अकोला व लगतच्या जिल्ह्यांतील, कापूस, तूर आणि हरभरा या पिकांवरील घाटेअळीचे होय. त्यामुळे प्रस्तुत नोंदीत तिचा विचार अधिक विस्ताराने केला आहे.

प्रती कशा निर्माण होतात : प्रजननकोशिका तयार होताना गुणसूत्रांच्या जोडीतील दोन घटक एकमेकांलगत येतात व त्यांच्यात तुकड्यांची अदलाबदल होते. ही अदलाबदल सामान्यतः काटेकोरपणे समोरासमोरच्या जागी होते. परंतु एकमेकांशी साम्य असलेले भाग शेजारीशेजारी असल्यास जोडणी किंचित सरकते आणि एका गुणसूत्राला एक जीन जास्त, तर दुसऱ्याला एक कमी मिळतो. यास विषम विनिमय म्हणतात. फळमाशीतील (ड्रॉसोफिला) डोळा अरुंद करणाऱ्या ‘बार’ या लक्षणाच्या अभ्यासावरून ए. एच. स्टर्टेव्हंट यांनी १९२५ मध्ये असा विनिमय दाखवून दिला, आणि हे लक्षण गुणसूत्राच्या एका भागाच्या द्विरावृत्तीमुळे उद्भवते हे कॅल्व्हिन ब्रिजेस यांनी १९३६ मध्ये लाळग्रंथींतील गुणसूत्रांवरील पट्ट्यांवरून प्रत्यक्ष दाखविले. स्थान बदलत राहणारे डीएनएचे तुकडे आपल्याबरोबर एखादा जीन वाहून नेतात, तेव्हाही द्विरावृत्ती होते. क्वचित जीनावरून उतरविलेल्या आरएनए रेणूचीच पुन्हा डीएनएमध्ये नक्कल होऊन ती गुणसूत्रात भलत्याच ठिकाणी शिरते.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. एकदा दोन प्रती शेजारी आल्या की पुढील विषम विनिमयाचा संभव वाढतो. दोनाच्या तीन, तिनाच्या पाच असे होते, त्याचप्रमाणे दोनाची पुन्हा एकही होऊ शकते. म्हणूनच एंझाइम-जीनांचे असे समूह गुणसूत्रांवर ओळीने मांडल्यासारखे आढळतात आणि एकाच जातीच्या निरनिराळ्या व्यक्तींत त्यांची संख्याही वेगवेगळी असू शकते.

प्रतींचे पुढे काय होते : जीनाची जादा प्रत उत्क्रांतीला कच्चा माल पुरवीत असावी, ही कल्पना जे. बी. एस. हॉल्डेन यांनी १९३० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत मांडली. (हॉल्डेन १९५७ पासून अखेरपर्यंत भारतात राहिले.) सुसुमू ओनो यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात तिला पूर्ण सिद्धांताचे रूप दिले. त्यांचे प्रतिपादन थोडक्यात असे : एकुलत्या एका जीनावर नैसर्गिक निवडीचा कडक पहारा असतो. त्यात बिघाड झाला तर तो वाहणारा प्राणीच टिकत नाही. प्रत निर्माण झाली की मूळ जीन आपले काम करीत राहतो व दुसऱ्याला बदलण्याची मोकळीक मिळते. बहुतेक बदल घातक असल्यामुळे बहुसंख्य प्रती निकामी होतात व त्यांचे अवशेष तेवढे उरतात. मायकेल लिंच व जॉन कोनरी यांनी २००० मध्ये केलेल्या अंदाजानुसार एका जीनाची द्विरावृत्ती होण्याचा सरासरी वेग दर दहा लाख वर्षांत सु. १ टक्का असून निर्माण झालेल्या बहुतेक प्रती काही दशलक्ष वर्षांत नाहीशा होतात.

ज्या टिकतात, त्यांची गती तीन प्रकारची असते. कधी दोन्ही प्रती तेच काम करतात व केवळ एंझाइमाचे प्रमाण वाढते. कधी मूळ जीनाची दोन कामे दोघांत वाटली जातात. उदा., एक प्रत अळीच्या आतड्यात, तर दुसरी प्रौढाच्या शरीरात कार्य करते. आणि कधी एक प्रत सर्वस्वी नवे काम शिकते. पाठ्यपुस्तकांत हे तीन प्रकार स्वच्छ वेगळे दाखविले जातात. प्रत्यक्षात मात्र एकाच जीनसमूहात ते तिन्ही एकमेकांत मिसळलेले आढळतात आणि बहुधा पहिला प्रकार हा इतर दोहोंकडे जाण्याचा टप्पा असतो. अधिक प्रमाणाचा तात्काळ फायदा नसता, तर प्रत नवे काम शिकेपर्यंत टिकलीच नसती.

कीटकांतील प्रमुख एंझाइम-कुले : विषारी द्रव्यांची विल्हेवाट लावणाऱ्या एंझाइमांची चार कुले महत्त्वाची आहेत. सायटोक्रोम पी-४५० ही लोहयुक्त एंझाइमे हवेतील ऑक्सिजनाचा एक अणू विषाच्या रेणूला जोडतात. त्यामुळे तो रेणू पाण्यात अधिक विद्राव्य (विरघळणारा) होतो व शरीराबाहेर टाकणे सोपे जाते. कार्बॉक्सिल एस्टरेजे ही विषातील एस्टर-बंध तोडतात किंवा विषाच्या रेणूला नुसतेच पकडून ठेवतात. ग्लुटाथायोन ट्रान्सफरेजे आणि शर्करा जोडणारी ग्लायकोसिल ट्रान्सफरेजे ही विषाला दुसरा रेणू चिकटवून त्याचा उपद्रव संपवितात.

या कुलांतील जीनांची संख्या आणि कीटकाची राहणी यांचा संबंध उद्बोधक आहे. केवळ मानवी रक्तावर जगणाऱ्या अंगावरील उवेत पी-४५० चे ४० पेक्षाही कमी जीन आहेत. मधमाशीत ४६ आहेत. फुलांतील मध व पराग हे अन्न वनस्पतींनी खाण्यासाठीच देऊ केलेले असते, त्यात विषे कमी, असे याचे स्पष्टीकरण दिले जाते. तुतीखेरीज दुसऱ्या पानाला सहसा तोंड न लावणाऱ्या रेशीमकिड्यात असे सु. ८० जीन आहेत. त्याच गणातील तंबाखूवरील पाने खाणारी अळी (स्पोडोप्टेरा लिट्युरा) वऱ्हाडात सोयाबीनवरही उपद्रव करते व शेकडो वनस्पतींवर जगते. तिच्यात ही संख्या १३८ आहे. घाटेअळीच्या संपूर्ण जीनसंचाचे वाचन २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यात ११४ जीन मोजले गेले. संख्येवरूनच सर्व ठरते असे मात्र नाही. गढूळ, कुजक्या पाण्यात वाढणाऱ्या क्युलेक्स डासात जवळजवळ २०० पी-४५० जीन आहेत आणि त्याच्या अळीला पाने खावी लागत नाहीत.

घाटेअळी व वऱ्हाडातील पिके : हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा या पतंगाच्या अळीस हरभऱ्यावर ‘घाटेअळी’, तुरीवर ‘शेंगा पोखरणारी अळी’ आणि कपाशीवर ‘हिरवी’ किंवा ‘अमेरिकन बोंडअळी’ म्हणतात. ‘अमेरिकन’ हे विशेषण दिशाभूल करणारे आहे, कारण ही जाती जुन्या जगातील असून अमेरिका खंडात तिची नोंद २०१३ मध्ये प्रथम ब्राझीलमध्ये झाली. भारतात १८० हून अधिक वनस्पतींवर ती आढळली आहे. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील काळ्या जमिनीत तिचा वर्षक्रम पिकांच्या क्रमाबरोबर चालतो. खरिपात पऱ्हाटीला पात्या व बोंडे धरली की ती तेथे असते, ज्वारीची कणसे भरताना तेथेही पोचते. कापसाची वेचणी चालू असता तूर फुलावर येते व अळी तुरीच्या शेंगांत शिरते. थंडीत हरभऱ्याला घाटे लागतात, तेव्हा तेथे तिचा मुक्काम असतो. अनुकूल हवामानात अंड्यापासून पतंगापर्यंतची एक पिढी सु. ३० ते ४० दिवसांत पुरी होते. म्हणजे एकाच हंगामात आजी कपाशीवर, मुलगी तुरीवर व नात हरभऱ्यावर वाढते.

या तिन्ही पिकांची संरक्षणव्यवस्था सर्वस्वी भिन्न आहे. कपाशीच्या पानांवर, बोंडांवर व सरकीत जे काळसर ठिपके दिसतात, त्या ग्रंथी असून त्यांत गॉसिपॉल हे पिवळे विषारी द्रव्य असते. (सरकीच्या पेंडीचा उपयोग कोंबड्यांच्या खाद्यात मर्यादेनेच करावा लागतो, तो याचमुळे.) हरभऱ्याच्या पानांवरील केसांतून मॅलिक व ऑक्झॅलिक अम्ले पाझरतात. पहाटे पिकावर फडके फिरवून गोळा केली जाणारी ‘आंब’ ती हीच. तिच्यातील ऑक्झॅलिक अम्लामुळे अळीची वाढ खुंटते. तूर व हरभरा यांच्या दाण्यांत याशिवाय अळीच्या आतड्यातील प्रथिने पचविणारी एंझाइमे बंद पाडणारी निरोधक प्रथिनेही असतात.

घाटेअळी या सर्वांना पुरून उरते, ती तिच्याजवळ असलेल्या अनेक प्रतींमुळे. गॉसिपॉलविषयीचे संशोधन या दृष्टीने वाचनीय आहे. चीनमधील संशोधकांनी २००७ मध्ये दाखविले की, गॉसिपॉलयुक्त अन्न दिल्यावर अळीच्या आतड्यात सीवायपी-६एई१४ हा पी-४५० जीन जोमाने कार्यरत होतो आणि तो बंद पाडल्यास अळीची वाढ मंदावते. त्यावरून हेच एंझाइम गॉसिपॉल नष्ट करीत असावे, असे अनेकांनी गृहीत धरले. पुढे २०१६ मध्ये जर्मनीतील येना येथे झालेल्या प्रयोगांत हे एंझाइम गॉसिपॉलवर थेट क्रिया करीत नाही असे आढळले. ते काम शर्करा जोडणारी ग्लायकोसिल ट्रान्सफरेजे करतात. एखादा जीन कार्यरत होतो एवढ्यावरून त्याचे कार्य ठरविणे किती धोक्याचे आहे, याचा हा उत्तम नमुना होय. सीवायपी-६एई या समूहात घाटेअळीजवळ शेजारीशेजारी नऊ प्रती आहेत. चिनी संशोधकांनी २०१८ मध्ये हा संपूर्ण समूह जीनसंपादनाने काढून टाकला, तेव्हा अशा अळ्या वनस्पतींतील काही विषांना व काही कीटकनाशकांनाही अधिक सहज बळी पडू लागल्या. वनस्पतींची विषे आणि माणसाने केलेली विषे यांना तोंड देणारे जीन एकाच समूहात होते.

प्रथिने पचविणाऱ्या एंझाइमांविषयीचे महत्त्वाचे काम महाराष्ट्रातच झाले आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत अशोक गिरी, विद्या गुप्ता, प्र. का. रांजेकर आणि त्यांचे सहकारी यांनी १९९८ मध्ये दाखवून दिले की, हरभऱ्यातील निरोधक प्रथिनेच घाटेअळीच्या आतड्यातील एंझाइमे पचवून टाकतात. कुलूप लावावे आणि चोराने कुलूपच खाऊन टाकावे, तसा हा प्रकार होता. अळीजवळ ट्रिप्सीन व कायमोट्रिप्सीन या पाचक एंझाइमांच्या अनेक प्रती आहेत. एका निरोधकाने काही प्रती बंद पडल्या, तर त्या निरोधकाला न जुमानणाऱ्या दुसऱ्या प्रतींचे उत्पादन वाढते, हे इंग्लंडमधील संशोधकांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आढळले होते. यजमान वनस्पतीनुसार पाचक एंझाइमांची जुळणी बदलते, हेही पुण्याच्या गटाने पुढे दाखविले. कपाशीवरून तुरीवर व तुरीवरून हरभऱ्यावर जाताना अळीला नवे शस्त्र घडवावे लागत नाही. तिच्याजवळ ते असतेच, फक्त बाहेर काढावे लागते.

फवारणीचा इतिहास व एक जोडजीन : स्वातंत्र्योत्तर काळात डीडीटी व बीएचसी ही द्रव्ये कपाशीवर वापरात आली. ‘एच-४’ हे संकरित वाण १९७० मध्ये सुरत येथून प्रसारित झाल्यावर खत व पाण्याबरोबर फवाऱ्यांचीही संख्या वाढली. एंडोसल्फान, मोनोक्रोटोफॉस, क्विनॉलफॉस या औषधांनंतर १९८० च्या सुमारास संश्लेषित पायरेथ्रॉइडे (फेनव्हॅलरेट, सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन) बाजारात आली. अगदी थोड्या मात्रेत बोंडअळ्या पटापट मरू लागल्याने ती लोकप्रिय झाली. त्यांचा प्रभाव दशकभरही टिकला नाही. १९८७ च्या हंगामात आंध्र प्रदेशाच्या किनारी जिल्ह्यांत फवारे निष्फळ ठरले आणि पुढील काही वर्षांत मध्य भारतातही तीच स्थिती आली. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाच्या (स्थापना १९६९) कार्यक्षेत्रातील कापूस उत्पादकांना हा अनुभव १९९० च्या दशकात पुरेपूर आला. शेतकऱ्याला अळी मरत नाही एवढेच दिसते. औषध भेसळीचे आहे, मात्रा कमी पडली किंवा पाऊस लागला, अशी कारणे पुढे होतात आणि दुसरा, तिसरा फवारा होतो. बनावट औषधे बाजारात नसतात असे नाही; परंतु अस्सल औषधालाही अळी दाद देत नसेल, तर जादा फवाऱ्याचा परिणाम उलटा होतो. ज्या अळ्यांत अनुकूल प्रती आहेत त्याच तेवढ्या मागे राहून पुढील पिढीच्या जननी होतात आणि त्यांच्यावर जगणारे मित्रकीटक मात्र नष्ट होतात. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेत (स्थापना १९७६) के. आर. क्रांती व त्यांच्या सहकाऱ्यांनी शेतांतून गोळा केलेल्या अळ्यांवर केलेल्या चाचण्यांत पायरेथ्रॉइड-प्रतिकारामागे पी-४५० व एस्टरेज या एंझाइमांचा हात असल्याचे दिसून आले.

तो हात नेमका कोणत्या जीनाचा, याचा उलगडा २०१२ मध्ये येना येथील माक्स प्लांक रासायनिक पारिस्थितिकी संस्थेत झाला. तेथील संशोधकांनी ऑस्ट्रेलियातील प्रतिकारक्षम घाटेअळ्या अभ्यासल्या. सामान्य अळीत सीवायपी-३३७बी१ व सीवायपी-३३७बी२ हे दोन जीन शेजारीशेजारी असतात. ते एकाच पूर्वज जीनाच्या द्विरावृत्तीतून आलेले आहेत आणि दोघांपैकी कोणालाही फेनव्हॅलरेटचे फारसे काही करता येत नाही. प्रतिकारक्षम अळीत त्या जागी हे दोन्ही नसून एकच जीन होता : सुरुवातीचा भाग एका शेजाऱ्याचा व उरलेला दुसऱ्याचा. विषम विनिमयात मधला भाग गळून दोन जीनांचा असा सांधा जुळला होता. सीवायपी-३३७बी३ असे नाव दिलेल्या या जोडजीनापासून होणारे एंझाइम फेनव्हॅलरेटच्या रेणूवर एक हायड्रॉक्सिल गट बसविते व त्याची विषारी शक्ती घालविते. या एकाच जीनामुळे त्या अळ्यांची सहनशक्ती ४२ पट झाली होती.

या शोधातील खुबी अशी की, येथे प्रतिकार जीनांची संख्या वाढल्यामुळे नव्हे, तर दोनाचा एक झाल्यामुळे आला. तरीही त्याचे मूळ द्विरावृत्तीतच आहे. दोन सारख्या प्रती शेजारी नसत्या, तर असा सांधा जुळण्याची शक्यताच नव्हती. पायरेथ्रॉइडांचा शोध लागण्यापूर्वी लाखो वर्षे हे दोन जीन शेजारी होते. औषधाने नवा जीन घडविला असे म्हणता येत नाही. आपोआप जुळलेला सांधा औषधाने निवडला आणि पसरविला. पाकिस्तानातील घाटेअळीत याच जीनाचा दुसरा प्रकार सापडला. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीवरून असे सांधे निरनिराळ्या भूभागांत अनेकदा स्वतंत्रपणे जुळल्याचे दिसते. ब्राझीलमध्ये पोचलेल्या घाटेअळीने तेथील हेलिकोव्हर्पा झीया या सजातीय अळीशी संकर केला आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार हा जोडजीन त्या दुसऱ्या जातीतही शिरला आहे.

इतर उदाहरणे : केवळ प्रतींच्या संख्यावाढीने प्रतिकार येण्याचे अभिजात उदाहरण मावा व डास यांत मिळते. पीच व बटाटा यांवरील माव्यात (मायझस पर्सिकी, वऱ्हाडातील कपाशीवरील मावा याहून वेगळ्या जातीचा आहे) ई-४ या एस्टरेजाचे प्रमाण एका प्रतिकारक्षम कुळातून दुसऱ्यात दुपटीदुपटीने वाढत गेलेले पाहून ए. एल. डेव्हनशायर व आर. एम. सॅविकी यांनी १९७९ मध्ये द्विरावृत्तीचा तर्क केला. १९८८ मध्ये डीएनएच्या परीक्षणाने तो खरा ठरला. कॅलिफोर्नियातील क्युलेक्स डासाच्या एका प्रतिकारक्षम वाणात एस्टरेज जीनाच्या किमान २५० प्रती १९८६ मध्ये मोजल्या गेल्या. क्युलेक्स हा पूर्व विदर्भात हत्तीरोगाचा प्रसार करणारा डास आहे. त्याच्या एस्टरेज जीनांचे एक विशिष्ट प्रतिसंच अनेक खंडांत हुबेहूब तेच आढळतात. त्यावरून प्रतिकारक्षम डास जहाजे व विमाने यांतून जगभर पसरले असावेत, असे अनुमान १९९१ मध्ये काढण्यात आले.

नवे काम शिकलेल्या प्रतीचे उदाहरण भातावरील तपकिरी तुडतुड्याचे आहे. त्यात सीवायपी-६ईआर१ या जीनाच्या दोन प्रती झाल्या. एकीत ॲमिनो अम्लांचे मोजके बदल होऊन ती इमिडाक्लोप्रिडचे विघटन करू लागली, दुसरी जुनेच रूप धरून राहिली, असे २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. फळमाशीत सीवायपी-६जी१ या जीनाशेजारी स्थान बदलणारा डीएनएचा एक तुकडा येऊन बसल्याने तो जीन अतिकार्यक्षम झाला व डीडीटीला प्रतिकार आला. पुढे त्या जीनाचीच द्विरावृत्ती झाली.

जादा प्रतींची किंमत : अधिक एंझाइम म्हणजे अधिक प्रथिन आणि प्रथिन घडवायला अन्न व ऊर्जा खर्च होते. फवारणी थांबल्यावर अशा कीटकांची संख्या पुष्कळदा घटते ती त्यामुळे. माव्याच्या काही कुळांत ई-४ च्या सर्व प्रती जागेवर असूनही त्या मूक झालेल्या आढळल्या. फवारणी थांबली की प्रतिकार नाहीसा झाला असे वाटते, पण प्रती गेलेल्या नसतात. डासांत आणखी एक तोड आढळते. ॲसिटिलकोलीन एस्टरेज या चेतासंस्थेतील एंझाइमाचा प्रतिकारक्षम प्रकार कामाला सदोष असतो. द्विरावृत्तीमुळे एकाच गुणसूत्रावर सदोष पण प्रतिकारक्षम व निर्दोष पण संवेदनशील अशा दोन्ही प्रती शेजारी आल्या आणि किंमत कमी झाली.

कधी जादा एंझाइम उलट फळही देते. क्विनॉलफॉस, क्लोरपायरिफॉस यांसारखी फॉस्फरसयुक्त औषधे मूळ रूपात त्यामानाने सौम्य असतात, त्यांना अधिक विषारी रूप पी-४५० एंझाइमेच देतात. कीटकाच्या शरीरात हे घडते, तसे फवारणाऱ्या माणसाच्या यकृतातही घडते. २०१७ च्या खरिपात यवतमाळ व लगतच्या जिल्ह्यांत फवारणी करणाऱ्या अनेक शेतकरी-मजुरांचा विषबाधेने मृत्यू झाला. त्या घटनांची कारणे अनेकविध होती. परंतु वाढत गेलेले फवारे आणि औषधांची मिश्रणे यांमागे किडींच्या प्रतिकाराची ही पार्श्वभूमी आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

परीक्षा : प्रतिकार एंझाइमांमुळे आहे की नाही, हे ओळखण्याची जुनी व स्वस्त रीत म्हणजे औषधाबरोबर पी-४५० ला रोखणारे पायपेरोनिल ब्युटॉक्साइड देऊन पाहणे. त्यामुळे अळ्या पुन्हा मरू लागल्या, तर कारण पी-४५० असण्याचा संभव मोठा. या जातीच्या सहायक द्रव्यांचा शोध तिळाच्या तेलातून लागला. तिळाच्या तेलात मिसळलेले पायरेथ्रम माश्यांवर अधिक परिणामकारक ठरते, हे १९४० मध्ये ध्यानात आले होते. एस्टरेजांसाठी रंग पालटणाऱ्या सोप्या चाचण्या आहेत. जोडजीन आहे की नाही, हे आता एका अळीच्या डीएनएवरून काही तासांत सांगता येते. औषधांची फेरपालट करताना केवळ व्यापारी नाव नव्हे, तर औषधाचा गट बदलणे आवश्यक असते. फेनव्हॅलरेटनंतर सायपरमेथ्रिन वापरणे म्हणजे त्याच एंझाइमाला पुन्हा काम देणे होय, कारण पाकिस्तानातील जोडजीन सायपरमेथ्रिनचेही विघटन करतो.

द्विरावृत्तीची मर्यादा : सर्वच प्रतिकार एंझाइमांच्या प्रतींतून येतो, असे मानणे चुकीचे ठरेल. पायरेथ्रॉइडे चेतातंतूंवरील ज्या प्रथिनावर आघात करतात, ते प्रथिनच बदलल्यास एंझाइमांवाचूनही प्रतिकार येतो. भारतातील घाटेअळीच्या काही समूहांत अशी असंवेदनशीलता आढळली होती. बीटी कापसाला भारतात २००२ मध्ये मान्यता मिळाल्यानंतर घाटेअळीसाठीचे फवारे बरेच कमी झाले. परंतु गुलाबी (शेंदरी) बोंडअळीने बीटी कापसातील क्राय१एसी या विषावर मात केल्याचे २०१० मध्ये जाहीर झाले, पुढे क्राय२एबी हेही निष्प्रभ झाले आणि २०१७ मध्ये विदर्भात तिचा मोठा उद्रेक झाला. या अळीत विष नष्ट करणारी प्रत आढळली नाही. ज्या प्रथिनांना विष आतड्यात चिकटते, त्यांपैकी कॅडहेरीन व एक वाहक प्रथिन यांचे जीन मोडलेले आढळले. म्हणजे एकीने नवे शस्त्र मिळविले, तर दुसरीने शत्रू आत येण्याची वाटच बंद केली.

गुलाबी बोंडअळी जवळजवळ कपाशीवरच जगते, फुलांच्या पाकळ्या गुंडाळून ‘डोमकळी’ करते व सरकीत दडून राहते. त्यामुळे फरदड न घेता डिसेंबर-जानेवारीत पऱ्हाट्या उपटून शेत रिकामे ठेवले, तर तिचे अन्नच तुटते. गावातील बहुतेकांनी ते एकाच वेळी केले, तरच उपाय फळतो. घाटेअळीच्या बाबतीत हा उपाय लागू पडत नाही, कारण पऱ्हाटी निघेपर्यंत ती तुरीवर आणि हरभऱ्यावर पोचलेली असते.